गॅस जाणार, हवा येणार : रेल्वेच्या स्विचगिअरमधील बदल आणि आपला धंदा

रेल्वेचे विद्युतीकरण म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती रुळांवरून गेलेली तांब्याची तार आणि तिला धरून ठेवणारे लोखंडी खांब. पण या तारेत वीज सोडणे आणि बिघाड झाला तर ती क्षणार्धात तोडणे हे काम ज्या यंत्रसामग्रीकडे असते, ती प्रवाशाला सहसा दिसत नाही. कुंपणाआडच्या उपकेंद्रात उभ्या असलेल्या या सामग्रीला स्विचगिअर म्हणतात. गेल्या काही वर्षांपासून जगभर तिची घडण बदलत आहे. तिच्यात भरला जाणारा एक गॅस वातावरणाला फार घातक असल्याने तो काढून टाकण्याचे कायदे युरोपात झाले आहेत. त्याच वेळी शहरांत जागा मिळेनाशी झाल्याने ही सामग्री कमीत कमी जागेत बसावी अशी मागणी वाढली आहे.

हा विषय केवळ इंजिनिअरांचा नाही. पत्र्याचे काम करणारे, तांब्याच्या पट्ट्या वाकवणारे, चांदीचा मुलामा चढवणारे, रबराचे सील बनवणारे, वायरिंग करणारे आणि जुना माल लिलावात घेऊन तोडणारे अशा अनेक धंद्यांशी त्याचा थेट संबंध आहे. शेवटच्या धंद्यात तर माहिती नसणे जिवावर बेतू शकते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे फायद्याचे ठरेल.

स्विचगिअर म्हणजे काय?

आपल्या घरात किंवा कारखान्यात मीटरजवळ एमसीबी असतो. तारा एकमेकींना लागल्या की तो खटकन पडतो आणि पुढचे नुकसान टळते. रेल्वेच्या उपकेंद्रातील सर्किट ब्रेकर हेच काम करतो, फक्त त्याच्यासमोरची वीज कितीतरी मोठी असते. वीज मंडळाच्या जाळ्यातून १ लाख ३२ हजार किंवा २ लाख २० हजार व्होल्टची वीज ट्रॅक्शन उपकेंद्रात येते. तेथील ट्रान्सफॉर्मर ती २५ हजार व्होल्टवर उतरवतो आणि मग ती रुळांवरच्या तारेत सोडली जाते. नेहमीच्या पद्धतीत अशी उपकेंद्रे साधारण ४० ते ६० किलोमीटरच्या अंतराने असतात. त्यांच्या मध्ये लहान चौक्या असतात, तेथून तारेचे तुकडे वेगळे करता येतात. त्यामुळे एका ठिकाणी बिघाड झाला तरी सगळा मार्ग बंद पडत नाही.

या प्रत्येक ठिकाणी ब्रेकर लागतो, दुरुस्तीच्या वेळी लाइन उघडून ठेवणारा आयसोलेटर लागतो, वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या म्हणजे बसबार लागतात, आणि प्रवाह मोजून बिघाड ओळखणारी उपकरणे लागतात. या सगळ्यांचा संच म्हणजे स्विचगिअर.

२०२५ अखेर भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मार्गांचे विद्युतीकरण झाले आहे. रोह्यापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या सुमारे ७४० किलोमीटरच्या कोकण रेल्वेचे काम २०२२ साली पूर्ण झाले. तेव्हा नवीन तार ओढण्याचे मोठे काम आता मागे पडत आहे. पुढचे काम म्हणजे जुनी सामग्री बदलणे, क्षमता वाढवणे, मेट्रो आणि जलद मार्गांसाठी नवी सामग्री बसवणे. स्विचगिअरचा धंदा त्यामुळे थांबणार नाही, मात्र त्याचे रूप बदलणार आहे.

ठिणगी विझवण्याचा प्रश्न

चालू प्रवाह तोडण्यासाठी दोन संपर्क एकमेकांपासून दूर केले की त्यांच्यामध्ये ठिणगी उडते. व्होल्टेज मोठे असेल तर ती ठिणगी राहत नाही, हजारो अंश तापमानाची ज्योत होते आणि वीज तिच्यातून वाहतच राहते. वेल्डिंग करणाऱ्या कारागिराला ही ज्योत चांगली माहीत असते. फरक एवढाच की वेल्डरला ती टिकवायची असते आणि ब्रेकरला ती विझवायची असते. स्विचगिअरचा सगळा इतिहास म्हणजे ही ज्योत कशी विझवावी याचाच इतिहास आहे.

भारतात विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. तेव्हा तारेत १५०० व्होल्टची डीसी वीज होती. डीसी प्रवाह सतत एकाच दिशेने वाहतो, त्यामुळे त्याची ज्योत आपोआप विझत नाही. चुंबकाच्या जोराने तिला एका खाचा असलेल्या पेटीत ढकलावे लागते, तेथे ती ताणली जाते, थंड होते आणि तुटते. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर ही पद्धत अनेक दशके चालली. पुढे ते मार्ग २५ हजार व्होल्टच्या एसी विजेवर आणले गेले. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ साली, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ साली आणि हार्बर मार्गावर २०१६ साली पूर्ण झाले.

एसी वीज आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा पूर्ण आवर्तन करते. एका आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो, म्हणजे सेकंदाच्या दर शंभराव्या हिश्शाला ज्योत क्षणभर मरते. ब्रेकरने एवढेच करायचे असते की ती पुन्हा पेटू द्यायची नाही. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या रेल्वेत विजेची आवर्तने सेकंदाला १६.७ असतात. तेथे शून्य येण्यासाठी तिप्पट वेळ वाट पाहावी लागते, म्हणून तेथील ब्रेकरची कसोटी वेगळी असते. एका देशात चालणारा ब्रेकर दुसऱ्या देशात जसाच्या तसा चालत नाही तो अशा कारणांमुळे.

ज्योत विझवण्यासाठी आधी तेल वापरले गेले. तेलाला आग लागण्याचा धोका होता आणि ते वारंवार बदलावे लागे. मग दोन मार्ग पुढे आले. एक एसएफ-६ गॅसचा आणि दुसरा निर्वात बाटलीचा, म्हणजे व्हॅक्यूमचा.

एसएफ-६ : गुणी पण घातक

एसएफ-६ म्हणजे सल्फर हेक्झाफ्लोराइड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच शास्त्रज्ञ मोआसाँ आणि लबो यांनी तो प्रथम तयार केला. या गॅसला रंग नाही, वास नाही, तो जळत नाही, आणि शुद्ध स्थितीत विषारी नाही. तो हवेपेक्षा पाचपट जड असतो. विजेला अडवण्याची त्याची ताकद त्याच दाबाच्या हवेच्या अडीच ते तीन पट असते. उघड्या हवेत २५ हजार व्होल्टच्या पट्टीपासून जेथे हातभर अंतर ठेवावे लागते, तेथे या गॅसने भरलेल्या बंद टाकीत काही बोटांचे अंतर पुरते. म्हणून गेली पन्नासहून अधिक वर्षे जगभर विजेची सामग्री आटोपशीर करायची तर हाच गॅस असे समीकरण झाले होते.

दोष एवढाच की हा गॅस वातावरणात सुटला तर शतकानुशतके टिकून राहतो आणि पृथ्वीची उष्णता अडवतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने एक किलो एसएफ-६ हा सुमारे २४ हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम करतो. हा आकडा आपल्या भाषेत मांडायचा तर असा : एक लिटर डिझेल जाळले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एका लहान टाकीतला एक किलो गॅस उडून जाणे आणि ९ हजार लिटर डिझेल जाळणे हे वातावरणाच्या दृष्टीने जवळजवळ सारखेच. लिटरला चार किलोमीटर जाणारा ट्रक तेवढ्या डिझेलवर ३६ हजार किलोमीटर पळेल.

ओझोनच्या थराला या गॅसने भोक पडत नाही, तो प्रश्न फ्रीजच्या जुन्या गॅसांचा होता. एसएफ-६ चा प्रश्न तापमानवाढीचा आहे. १९९७ च्या क्योटो करारात ज्या सहा वायूंवर मर्यादा आणण्याचे ठरले त्यांत तो होता. चांगल्या बनावटीच्या सामग्रीतून त्याची गळती फार कमी असते, आंतरराष्ट्रीय मानकात ती वर्षाला अर्धा टक्का किंवा त्याहून कमी धरलेली आहे. पण सामग्री तीस-चाळीस वर्षे उभी असते, आणि खरी गळती बहुधा भरताना, दुरुस्तीत आणि शेवटी तोडताना होते.

मग पर्याय कोणता?

दुसरा मार्ग म्हणजे व्हॅक्यूम. चिनी मातीसारख्या सिरॅमिकच्या बंद नळीत दोन संपर्क असतात आणि आतली हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकलेली असते. ज्योत पेटायला आणि टिकायला वायूचे कण लागतात, तेच नसल्याने प्रवाह शून्यावर येताच ज्योत विझते. २५ हजार व्होल्टसाठी संपर्क फार दूरही करावे लागत नाहीत, दोनेक सेंटिमीटर पुरतात. संपर्क तांबे आणि क्रोमियमच्या मिश्रणाचे असतात, कारण ते कमी झिजतात आणि चिकटून बसत नाहीत.

भारतीय रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या बाजूला व्हॅक्यूम ब्रेकर मोठ्या प्रमाणावर आधीपासूनच आहेत, पण ते बहुतेक उघड्या अंगणात उभे असतात. एसएफ-६ राहतो तो दोन ठिकाणी : उपकेंद्राच्या जास्त व्होल्टेजच्या बाजूच्या ब्रेकरमध्ये, आणि जागा वाचवण्यासाठी जेथे सगळी सामग्री बंद टाकीत घालून इमारतीत बसवतात त्या गॅसच्या स्विचगिअरमध्ये. या दुसऱ्या प्रकारात ज्योत विझवण्याचे काम बरेचदा व्हॅक्यूमच करतो आणि गॅस केवळ भोवतालची वीज अडवण्यासाठी असतो. म्हणजे निम्मे काम झालेलेच आहे. उरलेला प्रश्न असा की टाकीत गॅसऐवजी काय भरायचे.

त्याला आज तीन उत्तरे आहेत. पहिले उत्तर म्हणजे स्वच्छ, कोरडी हवा. सुमारे ८० टक्के नायट्रोजन आणि २० टक्के ऑक्सिजन, ओलावा आणि धूळ पूर्ण काढलेली. ती गळली तरी हवेत हवाच मिसळते. मात्र तिची ताकद गॅसच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असल्याने दाब वाढवावा लागतो किंवा अंतर वाढवावे लागते. दाब वाढवला तर टाकी आणि सील अधिक मजबूत लागतात. अंतर वाढवले तर पेटी मोठी होते. सगळी कारागिरी या दोहोंचा मेळ घालण्यात आहे.

दुसरे उत्तर म्हणजे घन आवरण. वीज वाहणारे भाग इपॉक्सीत किंवा सिलिकॉन रबरात पूर्ण मढवायचे. ओतकामात एक जरी बुडबुडा राहिला तरी त्या पोकळीत सूक्ष्म ठिणग्या सुरू होतात आणि काही वर्षांत आवरण आतून खाल्ले जाते. म्हणून हे काम निर्वातात ओतून करावे लागते.

तिसरे उत्तर म्हणजे फ्लोरोनायट्राइल नावाच्या नव्या वायूचे मिश्रण. त्याने सामग्री पूर्वीइतकीच लहान राहते आणि तापमानवाढीचा परिणाम फार घटतो. पण हा वायू फ्लोरिनच्या त्या रसायन-कुटुंबात धरला जातो ज्यावर निसर्गात न विघटणारी म्हणून सर्वत्र टीका होत आहे. या वायूची मोठी उत्पादक अमेरिकेची थ्री-एम कंपनी. तिने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले की २०२५ अखेरपर्यंत अशा सर्व रसायनांचे उत्पादन आपण बंद करू. यातून व्यापाऱ्याने घ्यायचा धडा जुनाच आहे : ज्या मालाचा पुरवठादार एकच, त्या मालावर धंदा उभारणे जोखमीचे. हवा मात्र कुणा एकाच्या मालकीची नाही.

कायदा काय म्हणतो?

युरोपीय संघाचा नवा कायदा मार्च २०२४ मध्ये अमलात आला. त्यानुसार २४ हजार व्होल्टपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये एसएफ-६ सह फ्लोरिनयुक्त वायू वापरण्यास १ जानेवारी २०२६ पासून मनाई आहे. २४ हजारांच्या वर ५२ हजार व्होल्टपर्यंत ही मनाई १ जानेवारी २०३० पासून आहे. त्याहून वरच्या, १ लाख ४५ हजार व्होल्टपर्यंतच्या सामग्रीसाठी २०२८ आणि त्यापलीकडे २०३२ ही साले ठरली आहेत. पर्याय मिळत नसेल तेथे काही सवलती आहेत.

रेल्वेची २५ हजार व्होल्टची तार प्रत्यक्षात साडेसत्तावीस हजारांपर्यंत चढते, म्हणून तिची सामग्री २०३० च्या गटात मोडते. जुनी बसवलेली सामग्री लगेच काढावी लागत नाही. पण नवी मागणी देणारा ग्राहक आजच विचारतो की दहा वर्षांनी दुरुस्तीला गॅस मिळेल का.

हा कायदा युरोपचा आहे, भारताचा नाही. तरी त्याचा परिणाम येथे होतो. नाशिक, कळवा आणि गोवा येथे देशी-परदेशी कंपन्यांचे विजेच्या सामग्रीचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांचा काही माल निर्यात होतो. सीमेन्सने २०२३ साली गोव्यातील व्हॅक्यूम बाटल्यांचे उत्पादन वाढवण्याचे जाहीर केले. भारतीय रेल्वेनेही २०३० पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. मोठ्या कारखान्याची रचना बदलली की त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या शेडमधले कामही बदलते.

जागेची गरज कोठे आहे?

माळरानावर उपकेंद्र उघड्यावर उभे राहिले तरी चालते, तेथे जमीन स्वस्त असते आणि उघडी सामग्री दुरुस्त करणे सोपे असते. अशा ठिकाणी महागडे बंद स्विचगिअर घालण्याची घाई कोणी करणार नाही. पण मुंबईची भूमिगत मेट्रो-३ पाहा. आरे ते कफ परेड हा साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि तो २५ हजार व्होल्टवर चालतो. पुणे आणि नागपूरच्या मेट्रोही याच व्होल्टेजवर आहेत. दाट वस्तीत, जमिनीखाली किंवा पुलाच्या कडेला जागेचा प्रत्येक चौरस फूट मोजून मिळतो. तेथे अंगणभर पसरलेली सामग्री एका खोलीत बसली तर जमिनीच्या किमतीतच सामग्रीचा जादा खर्च भरून निघतो. किनाऱ्यालगत खारी हवा आणि कारखान्यांच्या पट्ट्यात धूळ इन्सुलेटरवर थर धरते, त्याने वीज पृष्ठभागावरून सरकते. बंद टाकीला ही पीडा नाही.

रेल्वेच्या आणखी दोन गरजा वेगळ्या आहेत. कारखान्याला तीन फेजची वीज लागते, रेल्वेच्या तारेला एकाच फेजची. म्हणून तीन खांबी पेटीऐवजी एक खांबी पेटी लागते, आणि जेथे सोबत फीडरची दुसरी तार असते त्या दुहेरी २५ हजार व्होल्टच्या पद्धतीत दोन खांबी. तसेच रुळांवरच्या तारेवर पक्षी बसतो, फांदी पडते, पतंगाचा मांजा अडकतो. त्यामुळे रेल्वेचा ब्रेकर शहराच्या ब्रेकरपेक्षा कितीतरी जास्त वेळा पडतो आणि पुन्हा लागतो. त्याची स्प्रिंग, खटका आणि संपर्क हजारो वेळा न थकता चालावे लागतात.

कारागिराच्या हाताला काम

अंतर कमी झाले की चुकीला जागा उरत नाही, ही या बदलातली मुख्य गोष्ट आहे. गॅसच्या भरवशावर जो दोष खपून जात होता तो कोरड्या हवेत खपणार नाही.

पहिली गोष्ट धार. वीज टोकावर आणि धारेवर एकवटते. बसबारच्या काठाला राहिलेली बर, भोकाभोवतीचा काटा किंवा तासलेल्या पृष्ठभागावरची ओरखड दिसायला क्षुल्लक, पण तेथूनच ठिणगी सुटते. नव्या सामग्रीत पट्टीचे काठ गोल करणे आणि पॉलिश करणे हे शोभेचे काम राहिलेले नाही, तेच इन्सुलेशन आहे. दुसरी गोष्ट स्वच्छता. टाकीत तांब्याचा एक बारीक कण राहिला तरी विजेच्या ओढीने तो उभा राहतो आणि स्फोटाला कारण होतो. म्हणून कापण्याची आणि जोडण्याची जागा वेगळी हवी.

तिसरी गोष्ट टाकी. ती बहुधा स्टेनलेस स्टीलची असते, जोड आर्गन वेल्डिंगने किंवा लेसरने मारलेले असतात आणि हेलियम भरून गळती तपासली जाते. डोळ्यांना चांगला दिसणारा जोड पुरेसा नाही, तो मापावर उतरला पाहिजे. चौथी गोष्ट मुलामा. संपर्कावरच्या चांदीच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, एका कोपऱ्यात थर कमी पडला तरी माल परत येतो. पाचवी गोष्ट पेटीचा पत्रा. पावडर कोटिंग करताना अर्थिंगचे बोल्ट ज्या जागी बसतात ती जागा झाकून कोरी ठेवावी लागते. ही साधी बाब चुकल्याने संपूर्ण लॉट नाकारला जाऊ शकतो.

ज्यांच्याकडे हुन्नर आहे त्यांच्यासाठी येथे काम आहे. पण सुरुवातीलाच रेल्वेकडे पूर्ण ब्रेकर विकण्याचे स्वप्न पाहू नये. त्याला रेल्वेच्या लखनौ येथील आरडीएसओ संस्थेची मान्यता लागते आणि बंगळूर किंवा भोपाळच्या सीपीआरआय प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी महागड्या चाचण्या पार कराव्या लागतात. लहान कारखान्याने मोठ्या उत्पादकाचा सुटे भाग पुरवणारा म्हणून शिरणे हा खरा रस्ता आहे. रेखाचित्राप्रमाणे नमुना देणे, मापाची नोंद ठेवणे, तांबे कोणत्या गिरणीचे आहे याचा दाखला जपून ठेवणे या सवयी लावून घ्याव्यात.

सरकारी नियमांचाही उपयोग करावा. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालये आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, आणि अशा उद्योगांना निविदेच्या अनामत रकमेतून सूट मिळते. त्यासाठी २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी लागते. २००६ च्या कायद्यानुसार मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येते. हे लाभ माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहेत. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच आहे.

भंगार घेणाऱ्यांनी हे वाचावेच

गॅसची सामग्री बदलली जाऊ लागली की जुन्या पेट्या लिलावात येतील. त्यांत तांबे, अॅल्युमिनियम, स्टेनलेस स्टील आणि चांदीचा मुलामा असतो, म्हणून माल आकर्षक असतो. पण बंद टाकी ही रिकामी पेटी नव्हे.

शुद्ध एसएफ-६ विषारी नाही हे खरे. मात्र ज्या टाकीत वर्षानुवर्षे ठिणग्या उडाल्या, तेथे हा गॅस तुटून विषारी वायू तयार होतात आणि तळाशी पांढरी किंवा राखाडी भुकटी साचते. ओलावा लागला की त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल बनते. ते कातडी जाळते, डोळे आणि फुप्फुसे जाळते. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर तेथे थांबू नये. दुसरा धोका असा की हा गॅस जड असल्याने खड्ड्यात, तळघरात किंवा बंद गोदामाच्या तळाशी साचतो आणि तेथली हवा बाहेर ढकलतो. वास नाही, रंग नाही, आणि माणूस गुदमरून पडतो. तिसरा धोका दाबाचा. दाबाखालच्या टाकीला गॅस कटर लावणे म्हणजे अपघाताला बोलावणे.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात. लिलावाचा माल पाहताना टाकीवरची पाटी वाचावी, त्यावर एसएफ-६ आणि गॅसचे वजन किलोत लिहिलेले असते. गॅस काढून घेतल्याचा लेखी दाखला विकणाऱ्याकडून मागावा. दाखला नसेल तर गॅस काढण्याचे काम ज्यांच्याकडे त्याची यंत्रे आणि शिकलेली माणसे आहेत त्यांच्याकडूनच करून घ्यावे आणि तो खर्च बोलीत धरावा. झडप उघडून गॅस हवेत सोडणे हा सोपा मार्ग वाटतो, पण तो कामगारांना घातक आहे आणि वातावरणालाही. शिवाय ते नुकसानीचे आहे, कारण काढलेला गॅस शुद्ध करून पुन्हा वापरता येतो आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले आहे. गॅस काढल्यावरही टाकी उघड्या जागेत उघडावी, भुकटी हाताने किंवा झाडूने काढू नये, ती धोकादायक कचरा म्हणून परवानाधारकाकडेच द्यावी. मुलांना अशा ठिकाणी कामाला लावू नये.

जुन्या डीसी सामग्रीत आणखी एक धोका असतो. तिच्या ज्योत विझवणाऱ्या पेटीचे तक्ते अॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडले की उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिचा आजार वीस-तीस वर्षांनी उमटतो. अशी पेटी फोडू नये, ओली करून, गुंडाळून वेगळी ठेवावी.

आजच्या बोलीत चार पैसे जास्त सुटले म्हणून कामगाराच्या छातीवर आयुष्यभराचा भार टाकणे हा व्यापार नव्हे. तोडणाऱ्या मजुराला आपण काय तोडतो आहोत हे सांगणे मालकाचे कर्तव्य आहे.

सारांश

रेल्वेच्या स्विचगिअरमध्ये ज्योत विझवण्याचे काम व्हॅक्यूमकडे आणि वीज अडवण्याचे काम हळूहळू कोरड्या हवेकडे जात आहे. हा बदल एका दिवसात होणार नाही, गॅसची सामग्री अजून कित्येक वर्षे उभी राहील. पण दिशा ठरलेली आहे. बनवणाऱ्याला यात नेटक्या, मापाबरहुकूम कामाची कदर मिळेल. तोडणाऱ्याला पाटी वाचण्याची सवय लागली तर जीव वाचेल आणि पैसाही. आपल्या भागातील कारखानदारांनी आणि भंगार व्यापाऱ्यांनी एकत्र बसून निदान दोन गोष्टी कराव्यात : जवळच्या मोठ्या उत्पादकाकडून नव्या मालाच्या गरजा समजून घ्याव्यात, आणि गॅस सुरक्षितपणे काढून देणारी सोय आपल्या परिसरात कोठे आहे याचा पत्ता प्रत्येक गोदामाच्या भिंतीवर लावावा.